फक्त हीटमध्ये पळाली

सिंगापूरमध्ये आई-बापांचं पहिलं काम म्हणजे मुलांच्या कोचचं नाव इंटरनेटवर शोधणं. मीही शोधलं. क्वीन्सटाउनच्या मैदानावर शनिवारी मुलांना पळायला शिकवणारी एक फ्रेंच बाई आहे, फ्रान्सच्या संघातून रिले पळालेली आहे, एवढं शेजारणीकडून कळलं होतं. म्हटलं, असेल मोठी कोणीतरी. शोधायला गेले तर काय, मुलाखत नाही, फोटो नाही, काही नाही. एका जुन्या स्पर्धेच्या निकालाचं पान मिळालं. तिसऱ्या क्रमांकावर फ्रान्स, चार मुलींची नावं, आणि त्यांच्या खाली बारीक अक्षरात पाचवं नाव. त्या नावापुढे एक चांदणी. तळटिपेत लिहिलेलं होतं: फक्त हीटमध्ये पळाली.

हीट म्हणजे प्राथमिक फेरी. सकाळी हीट, संध्याकाळी फायनल, असा रिलेचा सगळा खेळ. मी स्वतः कॉलेजात असताना सांगली जिल्ह्याच्या मुलींच्या संघात होते, त्यामुळे त्या चांदणीचा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सकाळी ही पळाली, संघ हिच्यामुळे फायनलला गेला आणि संध्याकाळी हिच्या जागी दुसरीच पळाली. मी ते पान लगेच बंद केलं, हे खरं. का केलं ते मी तेव्हा कोणालाही सांगितलं नाही.

बाई पन्नाशीच्या अलीकडची. उंच, हाडं दिसणारी, केस मुलासारखे कापलेले. दोन्ही टाचांच्या वरच्या शिरा कायमच्या सुजलेल्या. दर दोन-तीन महिन्यांनी नोव्हेना भागातल्या डॉक्टरकडे जायची आणि परत येऊन म्हणायची, ‘म्हातारी घोडी आहे म्हणाला, फक्त जरा गोड शब्दांत.’ मुलांवर कधी ओरडायची नाही. एखादा मुलगा चुकला की त्याच्याकडे बघत नुसती उभी राहायची. त्यापेक्षा ओरडलेली परवडली असती.

माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची, आणि खरं सांगायचं तर आळशी. पाय मात्र माझे घेतलेले, लांब आणि हलके. पळायला लागली की बघत राहावं. पण पळेल तर ना! ‘आई, सो हॉट लाह,’ म्हणून पाण्याच्या नळाशी बसून राहायची. नवरा म्हणायचा, ‘सोड गं, नसेल तिला आवड.’ सोडते कसली! इथे खेळात नाव असेल तर सहावीनंतर चांगल्या शाळेत थेट प्रवेश मिळतो, डीएसए म्हणतात त्याला. गणितात आमची पोरगी यथातथाच. त्या फाइलमध्ये लावायला एखादं पदक मिळालं तर तिचं भलं होणार होतं. मी काही वेगळं मागत नव्हते. इथली प्रत्येक आई हेच करते.

त्या बाईची आणि माझी खरी ओळख झाली पुलाउ उबीन बेटावर. क्लबने रविवारी मुलांना सायकलवर फिरवायला नेलं होतं. बोटीतून उतरल्या उतरल्या मुलं पळाली सायकली घ्यायला. हिच्या टाचांना चढ जमत नव्हता, आणि मला एकूणच उन्हाचा कंटाळा. दोघी धक्क्याजवळच्या टपरीत शहाळी घेऊन बसलो. मी विचारलं, ‘निकालाच्या पानावर तुझं नाव बघितलं मी. ती चांदणी...’

तिने शहाळं खाली ठेवलं. म्हणाली, ‘तू पहिली आई आहेस, जिने चांदणीबद्दल विचारलं. बाकीचे पदकाबद्दल विचारतात.’

आणि मग तिने सांगितलं. फ्रान्सच्या उत्तरेकडचं गाव, वर्षातले आठ महिने आभाळ राखाडी. आई शाळेच्या खानावळीत वाढायला होती. शाळेच्या शर्यतीत कोणीतरी हेरलं आणि सोळाव्या वर्षी क्रीडा केंद्राच्या वसतिगृहात नेऊन टाकलं. तिथे कळलं की एकटीने सरळ पळण्यात ही सामान्य आहे. शंभर मीटरमध्ये कधी कुठल्या मोठ्या फायनलला पोहोचली नाही. पण वळणावर हिच्यासारखी कोणी नव्हती. रिलेत तिसरी मुलगी वळणावर पळते. दुसरीकडून बॅटन घ्यायचं, वळण कापायचं, चौथीला द्यायचं. नऊ वर्षं हिने तेवढंच केलं. ‘टीव्हीवर पहिली दिसते, कारण सुरुवात असते. शेवटची दिसते, कारण शेवट असतो. तिसरीला माझी आईसुद्धा नीट बघू शकायची नाही,’ म्हणाली आणि हसली. ते हसणं काही बरं नव्हतं.

नवव्या वर्षी ती मोठी स्पर्धा. सकाळी हीट झाली. हिने वळणावर दोन देशांना मागे टाकलं, म्हणून संघ आत गेला. दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये प्रशिक्षक आपलं ताट घेऊन हिच्या समोर येऊन बसला. कोशिंबीर खात खात म्हणाला, संध्याकाळी ती नवी मुलगी पळेल. एकोणीस वर्षांची होती, आदल्या दिवशी एकटीच्या शर्यतीत चमकलेली. ‘तू संघाचाच भाग आहेस,’ असंही म्हणाला. आणि मग ज्याच्यासाठी मुळात आला होता ते बोलला. ‘तिला तुझी खूण सांग.’

ही खूण काय ते सांगायला हवं. रिलेत मागून येणाऱ्या मुलीकडे बघत बसायला वेळ नसतो. आपण जिथे उभ्या असतो तिथून मागे पावलाला पाऊल लावून मोजत जायचं आणि मैदानावर एक पट्टी चिकटवायची. मागची त्या पट्टीवर आली की आपण सुटायचं, डोळे मिटून हात मागे. पट्टी एक पाऊल इकडची तिकडे झाली तर बॅटन हातात येत नाही. हा आकडा महिनोन्महिने पळून पळून सापडतो. तो ज्याचा त्याचा असतो. कोणी कोणाला सहज देत नाही.

‘दिलास?’ मी विचारलं.

‘दिला. नुसता दिला नाही, तिच्याबरोबर मैदानावर जाऊन मोजून दिला. तिचे पाय माझ्यापेक्षा लहान होते, म्हणून हिशोब करून दिला.’

फ्रान्सला तिसरं पदक मिळालं. ही प्रेक्षकांत बसून होती. मंचावर चौघी चढल्या. नियमाने हीटमध्ये पळालेलीलाही पदक मिळतं, तसं हिलाही मिळालं. दोन दिवसांनी हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये संघाच्या कोणा मदतनिसाने पँटच्या खिशातून काढून दिलं आणि कागदावर सही घेतली. गावात सत्कार झाला तेव्हा मागे भिंतीवर चौघींचा मोठा फोटो होता. लोक हिला विचारत होते, यातली तू कुठली? पुढे दोन वर्षं टाचांनी त्रास दिला, मग एक दिवस यादीत नाव नाही असं पत्र आलं, की संपलं. निरोपाची शर्यत नाही, काही नाही. बुटांच्या दुकानात नोकरी केली, लग्न केलं, नवऱ्याच्या बदलीबरोबर इथे आली. ‘म्हणून माझ्या क्लबात एकच कायदा आहे,’ ती म्हणाली. ‘हीटमध्ये जी पळेल, तीच फायनलला पळेल. पाय मोडला तरच बदल.’

तिचे डोळे भरले होते. आणि मी, काय बोलून गेले मी! म्हणाले, ‘माझंही असंच झालं होतं.’

कसं सुचलं कोण जाणे. सुचलं आणि मग थांबताच आलं नाही. सांगितलं की राज्य स्पर्धेच्या हीटमध्ये मी पळाले, फायनलला माझ्या जागी संघटनेतल्या कोणाची तरी भाची घातली, आणि मीच तिला मैदानावर नेऊन माझी खूण मोजून दिली. बाईने माझा हात धरला. बराच वेळ धरून बसली होती. मुलं सायकली फिरवून घामाघूम होऊन परत आली तरी सोडला नव्हता.

आता खरं काय ते लिहिते, एकदाच. ती भाची मी होते. मामा जिल्हा संघटनेत होते. हीटच्या दिवशी माझा पाय मुरगळला होता असं कागदावर लिहिलं होतं. तो मुरगळला नव्हता, मी सराव बुडवून मामांच्या ओळखीतल्या एका लग्नाला गेले होते आणि सकाळच्या गाडीने पोहोचलेच नाही. हीट पळाली ती तालुक्याच्या गावातून आलेली एक मुलगी. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन आली होती, सगळ्यांना वाटायची. फायनलच्या आधी मामांनी यादीत नाव बदललं. मला खूण कुठे लावायची तेही ठाऊक नव्हतं. त्या मुलीने मला मोजून दिली. वाकून, पावलाला पाऊल लावून. वर म्हणाली, ‘ताई, घाबरू नका, मागची नीट देते.’ मी तिच्यापेक्षा वर्षभराने लहान होते. आमचा दुसरा नंबर आला. आमच्याकडे प्रमाणपत्र फायनलला पळालेल्या चौघींनाच. त्या प्रमाणपत्रावर मला खेळाडूंच्या राखीव जागेतून इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, त्यावर नोकरी, त्यावर इथे. तिला पोलिस भरतीला ते हवं होतं असं नंतर कोणीतरी बोललं होतं. मी चौकशी केली नाही.

बरं, मी तर गप्प बसले असते. पण त्या फ्रेंच बाईने ती गोष्ट मुलांना सांगितली. कौतुकाने, बाई! की तुमच्यातल्या एकीची आई कशी शूर आहे वगैरे. पोरगी घरी आली ती थेट माझ्यापुढे. ‘आई, इज इट ट्रू?’ त्या क्षणी सांगता आलं असतं. मी काय केलं? आणखी दोन तपशील घालून सांगितलं.

आणि पोरगी बदलली हो! नळाशी बसणं बंद. सकाळी स्वतः उठून खाली मैदानाला चकरा. एकदा बुटाच्या नाड्या बांधता बांधता म्हणाली, ‘आय विल रन युवर फायनल, आई.’ मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीच भांडी घासत बसले. दोन वर्षं ती तशी पळाली. वळणावर पळायची, तिसरी. क्लबात तिच्या तोडीची कोणी राहिली नाही. मीही हळूहळू त्या गोष्टीवर विश्वास ठेवायला लागले. इतक्या वेळा सांगितली होती की मला त्यातलं ऊनसुद्धा आठवायचं.

सहावीच्या वर्षी मे महिन्यात क्लबांची मोठी स्पर्धा होती, आमच्याच मैदानावर. डीएसएचा अर्ज त्यानंतर आठवड्याभरात भरायचा. पहिल्या तिघांत आलं तर पदक, आणि ती फाइल पूर्ण. शनिवारी सकाळी नऊला हीट, संध्याकाळी पाचला फायनल. आणि त्याच सकाळी नऊला गणिताच्या ट्यूशनची सराव परीक्षा.

मी काय केलं असेल सांगा. मी तिला परीक्षेला पाठवलं. म्हटलं, हीट काय, कोणीही पळेल. आपली पोरं जातातच फायनलला. बाईला सकाळी मेसेज टाकला, परीक्षा आहे, दुपारी पोहोचतो. तिचं उत्तर आलं, ‘ठीक.’ कायदा मला माहीत होता. पण तो इतरांसाठी, आमचं काय, आम्ही तर मैत्रिणी. मुलगी ट्यूशनला जाताना रडत होती, ‘आई, प्लीज, हीट फर्स्ट.’ मीच म्हणाले, ‘गणित सुधार आधी.’

हीटमध्ये तिच्या जागी पळाली राखीव मुलगी. जाड चष्म्याची, चष्मा रबराने डोक्याला बांधलेला. तिचे आजोबा तिला आणायचे, कडेला घडीच्या खुर्चीवर बसायचे. संघ फायनलला गेला, पण आठवा, सगळ्यात शेवटचा. दुपारी आम्ही पोहोचलो, मुलगी बूट बांधून तयार, आणि बाई म्हणाली, ‘आज ती पळणार.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, ती आठवा नंबर आणते, ही पदक आणेल. तीन मुलींचं पदक त्या एकीसाठी घालवणार का? बाकीचे आई-बाप माना हलवत होते. बाई शांत. ‘कायदा तुला माहीत आहे. तुला तर सगळ्यांत जास्त कळायला हवा. तुझ्याबरोबर झालंय हे.’

‘झालं नाही माझ्याबरोबर!’ मी ओरडले. अहो, ओरडलेच. ‘मी ती नाही. मी वगळलेली नाही, मी आत घातलेली होते. मी दुसरीच्या जागी पळाले, आणि बघ, काही झालं नाही. आकाश कोसळलं नाही. कोणी मेलं नाही. त्या मुलीनेच खूण मोजून दिली मला.’

घरात बोलले असते तर मराठीत बोलले असते. तिथे इंग्रजीत बोलले, मोठ्याने, सगळ्यांना कळेल असं. माझी मुलगी दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

बाईने विचारलं, ‘काही झालं नाही, कोणाला?’ तिने माझ्याकडे पाठ केली, त्या चष्म्याच्या मुलीला हाक मारली आणि तिच्याबरोबर खूण लावायला गेली. दुखऱ्या टाचांवर वाकून, पावलाला पाऊल लावून.

संघ चौथा आला. एका हाताच्या फरकाने पदक गेलं. चष्म्याची मुलगी वळणावर चांगली पळाली, मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच. पण सांगायला बसलेच आहे तर हेही सांगते. चौथा नंबर लागला तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं? बरं वाटलं. म्हटलं, बघ, सांगत होते ना. मग मुलीकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत होती, चष्म्याच्या मुलीसाठी. माझ्याकडे बघत नव्हती.

निघताना मी बाईशी बोलायला गेले. ती मैदानावरच्या पट्ट्या सोलून काढत होती. एवढंच म्हणाली, ‘त्या दिवशी बेटावर मला वाटलं होतं, अखेर कोणीतरी भेटलं.’ आवाजात राग असता तर मी भांडले असते. सवय आहे मला भांडायची.

मैदानापासून आमचा ब्लॉक चालत दहा मिनिटं. मुलगी पुढे, मी मागे. मी काय काय बोलत होते, की मी लहान होते, मामांनी केलं, तेव्हा सगळे असंच करायचे, डीएसए नाही तर नाही, गणिताची परीक्षा तरी चांगली गेली ना. ती चालत राहिली. लिफ्टपाशी थांबली, बटण दाबलं नाही.

‘व्हॉट वॉज हर नेम?’

‘कोणाचं?’

ती नुसती उभी. कोणाचं ते मला माहीत होतं.

‘आठवत नाही गं,’ मी म्हणाले. ‘सव्वीस वर्षं झाली.’

पूर्ण आठवतं. तिचं, वडिलांचं, आडनाव. यादीत निळ्या शाईने लिहिलेलं, त्यावर मामांनी मारलेली एक रेघ, आणि वर माझं नाव. सव्वीस वर्षांत एक दिवस असा नाही की कोणी विचारलं असतं आणि मला सांगता आलं नसतं.

मुलीने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. माझी पोरगी माझ्याशी इंग्रजीतच बोलते, मी मराठीत कितीही बोलले तरी. या वेळी मराठीत म्हणाली.

‘तुला आठवतंय.’

पळणं तिने सोडलं नाही. शनिवारी अजूनही जाते. मला येऊ नकोस म्हणाली आहे, आणि मी जात नाही.